तगलेली पेटी

सास्तूरला आमच्या बांधापलीकडं शेजारच्या काकांच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. झाकण उचलण्याआधी ते परक्याच्या दारावर करावी तशी टकटक करतात आणि म्हणतात, "येऊ का, बायांनो?" माश्यांवर कीड पडली तरी औषध घालत नाहीत. "जी तगंल, तिचीच पैदास वाढवायची."

गेल्या साली माश्या मरू लागल्या. मला बघवेना. त्यांच्या माघारी एका पेटीत मी औषधाची पट्टी टांगली, मग गुपचूप काढून घेतली. तीच पेटी तगली.

यंदा तिच्यातल्याच माश्यांनी ते नव्या पेट्या भरायला निघाले, तेव्हा मात्र मी सगळं सांगून टाकलं.

पेटीतून काढलेली, माश्यांनी भरलेली पोळ्याची चौकट हातात धरूनच त्यांनी विचारलं, "म्हंजे भाऊ, ही सोताच्या दमावर जगली का तुमच्या, हे आता मला कसं कळावं?"

आणि चौकट जपून जुन्याच पेटीत ठेवून त्यांनी झाकण लावलं.