सुरुंगाआधी विचारणारा

पाली गावाकडे विहिरींना सुरुंग लावणारा हा गृहस्थ अणुबॉम्बवर मात्र भारी चिडतो. "समुद्रात बॉम्ब फोडून बघत्यात, अन् इख मासळीच्या पोटात. शेजाऱ्याला इचारलं का बे?"

माझ्या विहिरीला सुरुंग लावायला आला, तेव्हा मी त्याला ऐटीत सांगितलं, यासाठी आंतरराष्ट्रीय कायदा आहे.

"मग सर, तुमी इचारलं का? शेजारची हीर जुनी हाय, ढासळंल."

त्या शेजाऱ्याशी माझा बांधावरून अबोला. मी ओशाळलो. हा बाभळीखाली आडवा झाला. "या जाऊन. तवर डुलकी घेतो."

गेलो, विचारलं. शेजारी 'न्हाई' म्हणाला. माझी विहीर कोरडीच राहिली, याची मजुरी बुडाली. तरी जिलेटिनच्या कांड्या पिशवीत भरताना हा खुशीत होता. "मोठ्या देशायला जमंना, ते आपल्या बांधावर झालं बघा."