आत्याच्या मायचं नाव

मंडळी, आज ऐंशी ओलांडलेल्या आत्याला घेऊन नागपूरच्या कचेरीत गेलो होतो. तिची माय बाळंतपणातच गेली. घरात कोणालाच तिचं नाव ठाऊक नाही. इंग्रजांच्या काळात गावचा कोतवाल जन्म-मृत्यू नोंदवायचा, तेवढीच आशा.

जुनं पान सापडलं.

“माह्या मायचं नाव वाच ना गा,” आत्या म्हणाली.

मी वाचलं, “मृत : महादेवची बायको.”

तेव्हा नवरे बायकोचं नाव घेत नसत. आजोबांनी कोतवालापुढेही घेतलं नाही, अन् त्यानंही खोदून विचारलं नाही.

आत्या त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. “औंदा पित्तराले नाव घेऊन घास ठेवीन म्हटलं होतं गा.”

तुमच्या पणजीचं नाव माहीत आहे? नसेल तर आजच घरी विचारा. आमच्याकडे विचारायला कोणी उरलं नाही.