दाराला टांगलेले कांदे

“शाफ्ट नको, एवढं लिहून द्या, म्हणजे मी निघतो,” पाटणकर साहेब म्हणाले. दुसऱ्या शहरातल्या मेट्रोच्या एका भुयारी स्टेशनाचं डिझाइन त्यांच्याकडे होतं. गाडीमुळे तिथे हवा कशी फिरेल, याचं सिम्युलेशन संभाजीनगरच्या आमच्या ऑफिसकडे. शाफ्ट म्हणजे भुयारातून जमिनीवर निघणारं हवेचं धुराडं. वर त्यासाठी जागा मिळेना, म्हणून साहेबांना ते नको होतं.

भुयारात गाडी सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखी चालते. पुढची हवा ढकलते, मागची ओढते. शाफ्ट असला की हवेला ये-जा करायला वाट मिळते.

हे काम अश्विनीचं होतं. वैजापूरची पोरगी, वडिलांचा कांद्याचा व्यापार, आणि स्वभाव महाहट्टी. साहेबांनी जुन्या कन्सल्टंटचा रिपोर्ट पुढे सरकवला. त्यात सगळं आलबेल होतं. तिनं तो चाळला आणि विचारलं, “सर, ह्यात गाडी पळवलीय का? मला तर उभीच दिसतेय.”

उभीच होती. वेळ वाचवायला काही जण गाडी जागेवर ठेवून नुसता वारा सोडतात. अश्विनीनं मात्र ती कॉम्प्युटरवर खरोखर पळवली होती. त्यात आठवडा गेला आणि मी रोज कुरकुरलो. निकाल वाईट होता. शाफ्ट नसेल तर सुटणारी गाडी फलाटावरची हवा ओढून नेते, आणि जिन्यातली हवा इमर्जन्सीचा दरवाजा फलाटाच्या दिशेनं दाबून धरते. धूर झाला तर लोकांना तोच दरवाजा जिन्याकडे ढकलून पळायचंय.

साहेबांना ते पटेना. पास्कलचे आकडे दाखवून घाबरवू नका, नाहीतर काम पुण्याला देतो, असं त्यांनी बजावलं. पास्कल हे दाबाचं माप. काम जाऊ नये म्हणून मी त्यांना आधी जेवायला नेलं.

जेवून आलो तर अश्विनीनं कॉन्फरन्स रूमच्या दाराच्या मुठीला दोर बांधून तो खिडकीच्या गजावरच्या कप्पीवरून सोडला होता. टोकाला कांद्याचं अर्धं पोतं. सिम्युलेशनमध्ये मुठीवर जेवढा जोर येत होता, तेवढंच वजन. साहेबांनी खांदा लावला आणि दार उघडलं. चेहरा लाल झाला होता, पण विजयी होता.

मग तिनं अकाउंट्सच्या सुलभाताईंना बोलावलं. साठीजवळच्या, अंगानं किरकोळ. त्यांनी हातांनी ढकललं, मग पाठ लावली.

“नाय गं बाई, हलतच नाय.”

“सर,” अश्विनी म्हणाली, “धुरात दारापाशी आधी तुम्हीच पोचाल असं नाय. ह्या पोचल्या तर?”

“शाफ्ट राहू द्या. जागेचं मी बघतो,” साहेब म्हणाले. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला. साहेबांचाही वाटला, असं मागे फिरायला मोठं मन लागतं.

स्टेशन शाफ्टसकट उभं राहिलं. तेव्हापासून आमच्या रिपोर्टात पास्कलशेजारी किलोही लिहितो. दार ढकलणाऱ्याला पास्कल घेऊन काय करायचंय?