मागचं दार

आमच्या आयटीआयच्या मुलींना ट्रेनिंगला पाठवण्याआधी मी शिरूरजवळचा एक कारखाना बघायला गेले होते. गेटवर केंदूरची एक बाई आत सोडावं म्हणून वॉचमनशी भांडत होती. तिची मुलगी आमच्याच मुलींबरोबर सोमवारपासून तिथं येणार होती. मी त्या बाईला माझ्याबरोबर आत नेलं.

पदर खोचून ती प्रत्येक मशीनपाशी थांबत होती. मागच्या दाराला कुलूप दिसलं, तेव्हा मी मॅनेजरला विचारलं, "आग लागली तर मुली बाहेर कुठून पडणार?"

"मॅडम, आजवर कधी लागलीय का?" तो हसला. त्यानं चावी मागवली, पण गंजलेल्या कुलपात ती फिरेना.

बाईचा आवाज चढला. "स्थळ बघताना आम्ही त्यांची चूल, न्हाणी, गोठा समदं बघतो. आन् हितं न बघताच पोरगी धाडायची व्हय? हसताय काय? तुमची पोरगी उभी करा की हितं!"

"कुलूप तोडा, नाहीतर एकही मुलगी येणार नाही," मी म्हणाले.

मग हातोडा आला. एवढ्याशा कामासाठी एका आईला ओरडावं लागलं, याचा मला अजून संताप येतो. दार उघडल्यावर ती आधी स्वतः त्यातून बाहेर गेली, रस्त्यापर्यंत चालून आली, आणि मगच तिनं खोचलेला पदर सोडला.