अक्काच्या वाटीतली दुसरी गोळी

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यासमोर नाही, लेकासमोर नाही. देवापुढे हात जोडतानाही मी ती बाजूला ठेवते — जसं काही त्याला ती दिसतच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर माणूस असलं की माझा आवाज फुटत नाही. चौथीपर्यंत शाळेत होते, पण हजेरीला 'हजर' म्हणायचीही मला लाज वाटायची. लिहिताना तेवढी भीती वाटत नाही.

सुरुवात कुठून करू? त्या खोलीपासून करते. ती खोली आठवली की मला आधी बरंच वाटतं — आणि बरं वाटतं याचीच नंतर लाज वाटते.

पौडच्या पुढे, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून एक इमारत होती. तिथे डॉक्टर लोकांचा एक प्रयोग चालला होता. माणूस अवकाशात गेला की त्याला वजन राहत नाही, अंगातलं रक्त डोक्याकडे चढतं. परत जमिनीवर आला की हृदय घाबरल्यासारखं पळायला लागतं आणि माणूस उभ्या उभ्या चक्कर येऊन पडतो — असं तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावलं. हृदयाला पळू न देणारी एक गोळी होती. ती बायकांना कशी लागू पडते, ते त्यांना पाहायचं होतं. आता आम्हाला अवकाशात कोण नेणार? म्हणून पलंगच असे केले होते, की डोकं खाली आणि पाय वर. त्यावर कित्येक आठवडे पडून राहायचं. जेवण, आंघोळ, सगळं आडवं. उठून बसायचं नाही.

धडधाकट बायका हव्या होत्या, मोबदलाही मिळणार होता. माझी थोरली जाऊ, यमुनाअक्का, मला म्हणाली, "चल गं सुले, नुसतं झोपायचं तर हाय. आपल्याला कोण देतंय झोपाया?" अक्का शाळेत गेलेली नव्हती. तिथले कागद मी तिला वाचून दाखवले आणि तिनं अंगठा दिला. ती मोठी, तरी मी तिला तू म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा तिनंच बजावलं होतं, "मला अहोजाहो करशील तर बोलणार न्हाई. आत्ताच म्हातारी करतीस व्हय?"

आमचे पलंग शेजारी शेजारी होते, मधे एक बुटकं स्टूल. खिडकीतून पाण्याचा एक तुकडा दिसायचा. दुपारी त्याचा उजेड छतावर हलायचा, आणि आम्ही दोघी तो बघत पडायचो. रक्त डोक्यात चढून तोंडं सुजायची, नाकं चोंदायची. अक्का मान वळवून म्हणायची, "टम्म पुरीवानी फुगलंय तुझं थोबाड. भावजींनी बघितलं तर दुसरी करतील." मी हसायचे, आणि आडवं पडून हसलं की पाणी डोळ्यांतून कपाळावर जायचं. त्याचंही हसू यायचं. चहा कुणीतरी आणून द्यायचं. ताट कुणीतरी वाढायचं, आणि सांडलं तर पुसायलाही तेच. बाहेरून कुणी हाक मारत नव्हतं. अक्कानं तिच्या माहेरच्या ओढ्याच्या गोष्टी मला तिथेच सांगितल्या — इतकी वर्षं एका चुलीवर राहून कधी सांगितल्या नव्हत्या. वेळ कुठे होता? बाळंतपणातसुद्धा मी इतकी पडून राहिले नव्हते. आजही कंबर भरून आली की मला तो उलटा पलंग आठवतो. मला तिथून जायचंच नव्हतं.

आणि गोळीची मला भीती वाटत होती.

गोळी घेतली की थोड्या वेळानं हातपाय गार पडायचे. छातीतले ठोके असे लांब लांब यायचे, की एक झाला आणि दुसरा येतोय की नाही याची मी वाट बघत बसायचे. माझी आई झोपेतच गेली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. भीती मला वाटत होती, तशी अक्कालाही वाटली असेल. डॉक्टरबाई रोज विचारायच्या, "सुलोचनाताई, काही त्रास होतोय का?" मी म्हणायचे, नाही. बोलले असते तर काय झालं असतं? त्यांनी गोळी थांबवली असती. फार तर घरी पाठवलं असतं. पण मला घरी जायचं नव्हतं, गोळीही नको होती, आणि बोलायचंही नव्हतं.

टाकणार कुठे? पलंगावरून उतरायचं नाही. चादर रोज बदलायचे. लघवीसुद्धा मोजून न्यायचे. एकदा उशीखाली लपवली, तर चादर बदलणाऱ्या मावशीच्या हाताला लागता लागता राहिली.

पहिल्या पहिल्यांदा सिस्टर समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची. पुढे आमच्यावर विश्वास बसला. ती आमच्या नावाच्या दोन वाट्या स्टुलावर ठेवून पुढच्या खोलीत जायची. कोणती वाटी कुणाची, हे मी वाचून सांगायचे. अक्काला दोन्ही सारख्याच.

आता सांगतेच. एका सकाळी मी हात लांब करून माझी गोळी अक्काच्या वाटीत टाकली आणि वाटी तिच्या हातात दिली.

"दोन?" ती म्हणाली.

"शिस्टर म्हणली, आजपासनं तुला दोन. तुजी नाडी लई पळतीया."

"पळंना का! घरात मी पळायची, हितं नाडी पळतीया. बसून खायचं नशिबातच न्हाई." आणि हसत हसत तिनं दोन्ही गिळल्या.

एकदा केलं असतं तर म्हटलं असतं, घाबरून केलं. पण मी दुसऱ्या दिवशीही केलं. मग शेवटपर्यंत रोज. माझे हातपाय उबदार राहिले. अक्का दुपारची गप्प गप्प राहू लागली, बोलता बोलता झोपायची. डॉक्टरबाई यंत्राकडे बघून म्हणाल्या, "यमुनाबाईंना औषध फारच लागू पडतंय. तुमच्यावर तेवढा परिणाम नाही दिसत." मी छताकडे बघत राहिले. छतावर पाण्याचा उजेड हलत होता.

मग उभं राहायचा दिवस आला. पट्ट्यांनी बांधून पलंगच हळूहळू उभा करतात. मला केलं — छाती धडधडली, डोळ्यांपुढे जरा अंधारलं, तेवढंच. मग अक्काला केलं. ती म्हणाली, "सुले, लई गार वाटतंय गं," आणि तिची मान पडली. पट्ट्यांमध्ये ती धुतलेल्या लुगड्यासारखी लोंबली. यंत्र ओरडायला लागलं. सगळे धावले, पलंग आडवा केला, हाताला सुई टोचली. ती डोळे उघडेना. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटलं, मारलं मी हिला.

तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवायच्या आधी डॉक्टरबाई माझ्यापाशी आल्या. खाली वाकून, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "गोळ्या दोघींनी आपापल्याच घेतल्या ना? काही गडबड झाली असेल तर सांगा, मी रागावणार नाही."

मी मान हलवली. आपापल्याच.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. लाजाळू बाईवर कुणी संशय घेत नाही — हे मला तेव्हा कळलं. खरं सांगू? त्याचा मी नंतरही उपयोग केला.

अक्का वाचली. दोन गोळ्यांचं तिला कुणी विचारलं नाही, आणि डॉक्टरांनीच वाढवल्यात असं समजून तिनंही कधी विषय काढला नाही. तपासण्यांत काही निघालं नाही. पण औषध सोसलं नाही, म्हणजे हृदय नाजूक असू शकेल, जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात त्याचं एकच झालं — अक्काचं हार्ट वीक. थोरल्या दिरांनी तिला लावणीत चिखलात उतरू दिलं नाही. भाताची रोपं लावायला तिच्या हातासारखा हात आमच्या वाडीत नव्हता, ती बांधावर बसून आमच्याकडे बघायची. टेकडीवरच्या देवीला जायचं बंद झालं. उरवड्याच्या कारखान्यात बायकांना घेत होते, तिला जायचं होतं. दीर म्हणाले, "तिथं पडलीस तर उचलून आणायला कोण येणार?" ती भांडली नाही. मुळात हसरी बाई, पण पुढे जिना चढायच्या आधी छातीवर हात ठेवायला शिकली. नसलेलं दुखणं अंगात मुरवून घेतलं तिनं. आणि मी? तिच्या हातातली कळशी घेत राहिले. बघा, जावा जावा कशा राहतात, म्हणून लोक माझं नाव घेतात.

आता वर्षं झाली. निम्मी जमीन विकली, उरलेल्यात भाड्याच्या खोल्या काढल्या. माझी सून हिंजवडीला नोकरीला जाते, कंपनीची गाडी दारात येते. अक्काचे केस पांढरे झालेत. कधीतरी ती म्हणते, "सुले, त्या हास्पिटलात किती मजा केली गं आपण." मी व्हय म्हणते. आणि खरंच केली होती. त्यातलं कोणतं खोटं धरू?

यंदा गौरी जेवल्या, त्या दुपारी अंगणात पोरींनी फुगड्या धरल्या. सून अक्काला ओढायला लागली, "मोठ्या आई, एकच गिरकी! मी धरते ना." अक्का नको नको म्हणत उठली. पदर खोचला. पायाला पाय जुळवला, हातांची अढीही घातली. आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. दिरांकडे नाही, सुनेकडे नाही. माझ्याकडे — कागद वाचणारी मीच ना.

"सुले, चालंल का गं मला?"

अंगणात सगळ्या थांबल्या होत्या. एक शब्द पुरे होता. चालंल. एवढाच. मागचं काही सांगायचीही गरज नव्हती.

"नको अक्का," मी म्हणाले. "उगं जिवाला धोका कशाला?"

तिनं सुनेचे हात सोडले. खोचलेला पदर काढला आणि माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. जरा धाप लागली होती तिला, नुसती उठली तरी. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि सुनेला म्हणाली, "हिच्यामुळं जित्ती हाय बघ मी."

मी हात सोडवून घेतला नाही.