खासदारांचा पणतू

मंडळाच्या गणपतीत आम्ही त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं, तर ते हॉलच्या दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसले. "स्टेजवर नको. आमच्या घराण्याला मान सोसत नाही," म्हणाले. नॉटिंगहॅममधले आमचे हे आयरिश शेजारी. माझ्या नवऱ्याने त्यांचं नावच 'खासदार' ठेवलं होतं.

खरे खासदार त्यांचे पणजोबा. आयर्लंड इंग्रजांच्या राज्यात होतं तेव्हा तिथून निवडून लंडनच्या पार्लमेंटात गेलेले. सरकारकडून कुठलंही पद घेणार नाही, अशी गावातल्या कुळांसमोर शपथ घेऊन ते निवडून आले आणि वर्ष उलटायच्या आत पद घेऊन बसले. कुळांच्या बाजूने बोलणारं कुणी उरलं नाही. कित्येक घरं जमीनदारांनी रिकामी करवली. पुढे या पणजोबांच्या घरच्यांनाही गावात राहणं अशक्य झालं आणि ते इंग्लंडला आले.

ही हकीकत आमचे खासदार अशी सांगायचे, जणू शपथ त्यांनीच मोडली होती. अलॉटमेंटवर, म्हणजे नगरपालिकेच्या भाड्याच्या वाफ्यांवर, भाजी लावणाऱ्यांनी सेक्रेटरी व्हा म्हणून किती विनवलं. यांनी सगळ्यांचे पाण्याचे पाइप गुंडाळून ठेवले, पण पद काही घेतलं नाही. शब्द द्यायचीही धास्ती. उद्या जेवायला येता का, विचारलं तर "बघू" म्हणायचे आणि वेळेआधी दारात हजर.

गावी ते कधीच गेले नव्हते. "कुठल्या तोंडाने जाऊ?" म्हणायचे. मी चिडायचे, "अहो, तुम्ही काय केलंय? एकदा माफी मागून या, म्हणजे सुटाल." शेवटी तब्येत खालावली तेव्हा त्यांनीच विचारलं, "येशील सोबत?"

गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये काही म्हातारी माणसं चहा पीत होती. खासदारांनी टोपी काढली, पणजोबांचं नाव सांगितलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. एक आजी मायेने म्हणाल्या, "नाही हो, कधी ऐकलं नाही. केक घेता थोडा?"

परतीच्या बोटीत ते टोपी मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "शिव्या खायची तयारी करून आलो होतो गं. विसरले असतील, हे मनातसुद्धा आलं नव्हतं." मला रडू आवरेना.

त्याच हिवाळ्यात ते गेले. मूलबाळ नव्हतं. अंत्यविधीला आम्ही दोघं आणि अलॉटमेंटवरची मंडळी. त्या उजाड झालेल्या घरांसाठी हळहळणारं एकच माणूस उरलं होतं, तेही ज्यांनी दगा दिला त्यांच्या घरातलं. आता तेही नाही.