बाहुलीच्या घरातली नवी चूल

लेकीच्या बाहुलीघरात पलंग होता, कपाट होतं, चूल तेवढी नव्हती. म्हणून मी ऑनलाइन एक किट मागवलं. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, जुन्या विलायती धाटणीची, दार आणि धुराडं असलेली चूल. संध्याकाळी मैत्रिणी बाहुलीच्या वास्तुशांतीला येणार होत्या आणि त्याआधी चूल तयार हवी, असा लेकीचा हट्ट होता.

सकाळीच टेबलावर पेपर पसरून आम्ही दोघी बसलो. पेडगावहून आलेली माझी आई शेजारी लसूण सोलत होती.

"एवढं शिकलीस आन् शेवटी चूलच मांडायलीस व्हय!"

"कशी मांडायची ते इंग्रजीत लिहिलंय, आई. शिकले म्हणून वाचता यायलंय."

"मंग वाच बाई. त्याच्यासाठीच तर धाडलं कॉलेजात."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ती चढवली आईवडिलांनी. त्यामुळे तिचे टोमणे मला गोडच लागतात.

लाकडाचे पातळ तुकडे चिमट्यानं धरून चिकटवले. धुराडं लेकीनं बसवलं, जरा तिरकंच. मग काळा रंग दिला, बाटली पार रिकामी होईपर्यंत. चूल खिडकीत वाळत ठेवून मी भाकरी टाकायला गेले, तोच लेक ओरडली.

"आजी! रंग ओला होता!"

आईनं करंगळीच्या टोकानं चुलीला हळदीकुंकू लावलं होतं. ते ओल्या रंगात रुतून बसलं. पुसावं तर काळा रंगही निघणार, आणि आता रंग उरला नव्हता. लेकीचे डोळे भरून आले.

"कोरी चूल कुणी पेटवतंय का? आधी पूजावं लागतंय," आई म्हणाली. मग हळूच, "वली हाय ते मला काय म्हाईत, माय."

संध्याकाळी मैत्रिणी आल्या. त्यातली एक चूल पाहून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पूजा झालीसुद्धा? मग आम्हाला कशाला बोलावलं?"

मी लेकीकडे पाहिलं.

"चुलीचीच झाली. ती आजीनं केली," ती म्हणाली. "घराची राहिलीय."

आणि हळदीकुंकवाचा करंडा आईपुढे धरून म्हणाली, "आजी, दाराला पण तूच लाव."

आईनं आधी दारावर नख टेकवून पाहिलं, रंग वाळलाय ना.